पाटस परिसरांतील खासगी विहिरी व दात्यांचें कर्तव्य



पाटस व दौंड तालुक्याचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. १८७६-७७ चा दुष्काळ व १९७२ चें अवर्षण हे दोन्ही प्रसंग त्यानें सोसले आहेत. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा या तालुक्यांतून जातो. त्याच्या पाझरानें खालच्या अंगाच्या विहिरींस पाणी राहतें. वरच्या माळावरील विहिरींस मात्र पावसावांचून आधार नाहीं. पाऊस चुकला कीं नवीन कूपनलिका पाडण्यास द्रव्य द्यावें, अशी सूचना पुढें येते. ती कितपत हितकर आहे, हें येथें मांडिलें आहे.

भूमीची घडण

येथील भूमि काळ्या पाषाणाची. वर माती, तिच्याखालीं मुरूम, मग मांजऱ्या खडक व शेवटीं अखंड कातळ, असे थर सामान्यतः लागतात. पाणी मुरमांत व खडकाच्या भेगांत सांठतें. अखंड कातळांत तें राहत नाहीं. म्हणून खोली दुप्पट केल्यानें पाणी दुप्पट मिळेल, हा समज खोटा आहे. खोल भेग लागलीच तर ती उपसल्यावर लवकर भरत नाहीं, आणि पुष्कळदां शेजाऱ्याच्या उथळ विहिरीचें पाणीच तिच्यावाटे ओढलें जातें. एकाची सोय ती दुसऱ्याची तहान होते.

खोदतांना

केवळ पाणाड्याच्या शब्दावर विसंबूं नये; पुणें येथील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलांत आला असून, शेती वा कारखान्यासाठीं ६० मीटर अथवा अधिक खोलीची विहीर घेण्यास त्यानें मनाई केली आहे. पक्का खडक लागेपर्यंत केसिंग नळी उतरवावी. नाहींतर मुरूम ढांसळून भोंक बुजतें व वरचें घाण पाणी आंत शिरतें. नळीभोंवतीं सिमेंटचा ओटा बांधून तोंडास घट्ट झांकण बसवावें.

राखतांना

दिवाळीनंतर एकदां व वैशाखांत एकदां दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी व वहींत टिपावी. पातळी वर्षानुवर्षें उतरत असेल तर खोली वाढवूं नये, उपसा कमी करावा. उघड्या विहिरीचा गाळ उन्हाळ्यांत काढावा. पावसाचें पाणी दगड, खडी व वाळू यांच्या खड्ड्यांतून गाळूनच विहिरींत सोडावें. खतें-औषधें मारलेल्या शेताचें पाणी मुळींच सोडूं नये. कोरडी पडलेली कूपनलिका उघडी ठेवणें म्हणजे लेंकरांच्या जिवाशीं खेळ होय. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं याविषयीं आदेश दिले. त्यांनुसार ती तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू व दगडांनीं भरून टाकावी.

शेजारचा दाखला

लगतच्या पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें कै. विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी अडवून जिरविण्याचें कार्य आरंभिलें. त्यांतूनच पाणी पंचायत उभी राहिली. तेथें पाण्याचा वांटा जमिनीच्या एकरांवर न देतां कुटुंबांतील माणसांवर दिला, भूमिहीनांसही हक्क दिला व उंसास पाणी नाकारलें. पाणी थोडें असतांही तें अनेकांस पुरतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

विनंति

तरी दात्यांस प्रार्थना कीं, नव्या खोल भोंकापेक्षां जुन्या विहिरींचा गाळ, पाझर तलावांची दुरुस्ती व पुनर्भरणाचे खड्डे यांस आपलें द्रव्य लावावें. ज्या जमीनदारांच्या विहिरींस पाणी आहे त्यांनीं टंचाईचे दिवसांत उंसाचा एक वाफा कमी भिजवून गांवास पिण्यापुरतें पाणी द्यावें. हें दान द्रव्यदानाहून कमी नाहीं. विहीर एकाच्या मालकीची असली तरी तिचा झरा कोणाचे सातबाऱ्यावर चढलेला नाहीं.