मूलच्या जंगलातील वाटा आणि त्यांचे नकाशे

२० अंश उत्तर अक्षांश आणि ८० अंश पूर्व रेखांश या दोन रेषा गडचिरोली शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर एकमेकींना छेदतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशामालेतील ५५, ५६, ६४ व ६५ या चार मोठ्या विभागांचे कोपरे नेमके याच बिंदूवर मिळतात. परिणामी चंद्रपूरहून मूल आणि सावली या गावांवरून गडचिरोलीला जाणाऱ्याला एवढ्याशा प्रवासातही तीन विभागांचे नकाशे जवळ ठेवावे लागतात. कारण चंद्रपूर ५६व्या विभागात येते, मूल ५५व्यात, आणि गडचिरोली शहर ५५ व ६४ यांच्या सीमेवरच वसलेले आहे. असा प्रत्येक विभाग चार अंश लांब व चार अंश रुंद असतो. त्याचे एक-एक अंशाचे १६ चौकोन पाडून त्यांना इंग्रजी वर्णमालेतील ए ते पी ही अक्षरे देतात, आणि त्या प्रत्येक चौकोनाचे पुन्हा १६ भाग करून जे १५ मिनिटांचे पत्रक तयार होते, तोच १ : ५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा होय. वनखात्यात आणि महाविद्यालयांत त्याला सर्रास ‘टोपोशीट’ म्हणतात. मूल गाव ५५ पी/१२ या पत्रकावर, तेही त्याच्या खालच्या कडेजवळ येते, आणि गावाच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटर गेले की ५६ एम/९ हे पत्रक उघडावे लागते.

या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना टोपोशीट वाचताना पहिला आधार समोच्चरेषांचा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी रेषांचा असतो; दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असल्यामुळे रेषांची दाटी दिसली की तेथे कडा किंवा तीव्र उतार आहे, हे लगेच समजते. मूल परिसरात मात्र टेकड्यांचे काही पट्टे वगळले, तर जमीन बरीच सपाट आहे, त्यामुळे या रेषा विरळ होतात आणि वाट शोधणाऱ्याला दुसऱ्या खुणांकडे वळावे लागते. त्या खुणा मुख्यतः पाण्याच्या आहेत. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आज सरकारी कागदांतही ‘मामा तलाव’ म्हटले जाते, शेताच्या वरच्या अंगाला बांधलेल्या लहान बोड्या, अंधारी नदीला आणि पुढे वैनगंगेला मिळणारे नाले, हीच येथील वाटाड्याची अक्षरे आहेत. टोपोशीटवर तलावाच्या पाळीजवळ एखादा लहान आकडा आणि त्याला जोडून इंग्रजी ‘आर’ हे अक्षर छापलेले असते. त्याचा अर्थ ती पाळ भोवतालच्या जमिनीपेक्षा तितके मीटर उंच आहे, असा होतो. सागाच्या किंवा बांबूच्या दाट वनात, जेथे ५० पावलांपलीकडचे दिसत नाही, तेथे अशी चार-पाच मीटर उंचीची पाळ कोणत्याही टेकडीपेक्षा अधिक भरवशाची खूण ठरते. नाल्यात पाणी असल्यास तो निळ्या आणि कोरडा असल्यास काळ्या रेषेने दाखवतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण उन्हाळ्यात या भागात पाण्याचा अंदाज चुकणे जिवावर बेतू शकते.

अशा काटेकोर मोजणीचा पाया ज्या कामाने घातला, त्याचा एक महत्त्वाचा अध्याय विदर्भातच संपला. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये दक्षिणेत सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी, जिला पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले, ७८ अंश रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला आणि तेथेच त्याला पुरण्यात आले. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे नेले. एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्यावर भारताचे नकाशे पुढील दीड शतकाहून अधिक काळ बेतलेले राहिले, आणि ही गोष्ट आजच्या पायी प्रवाशालाही लागू पडते : मोबाइलमधील जीपीएस यंत्रणा ‘डब्ल्यूजीएस ८४’ या वेगळ्या गणितावर चालते, त्यामुळे तिने दाखवलेले अक्षांश-रेखांश जुन्या टोपोशीटवर जसेच्या तसे मांडले, तर जागा शंभर-दोनशे मीटरने सरकते. मोकळ्या माळावर एवढा फरक खपून जातो, पण बांबूच्या रांजीत नाल्याचा कोणता काठ आपला, हे ठरवताना तो खपत नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी काढलेल्या नव्या मालेतील पत्रके डब्ल्यूजीएस ८४ वरच आधारलेली आहेत आणि त्यांचे क्रमांकही वेगळे आहेत. २०१७ पासून ती भारतीय नागरिकांना संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अटही उरलेली नाही. इतकी मोकळीक मिळूनही जंगलालगतच्या गावांना तिचा फारसा लाभ मिळालेला नाही, ही खेदाची बाब आहे.

याचे मुख्य कारण असे की नकाशाचे वय आणि जंगलाचे वय एकाच गतीने वाढत नाही. टोपोशीटच्या समासात मोजणीचे वर्ष छापलेले असते आणि कोणत्याही पत्रकावर सर्वांत आधी वाचायची ओळ तीच आहे, पण ती बहुधा वाचली जात नाही. जुन्या पत्रकांवर ताडोब्याच्या कोळसा भागात बोटेझरी हे नांदते गाव दिसते. प्रत्यक्षात तेथील कुटुंबांचे पुनर्वसन मूल तालुक्यातील भगवानपूर येथे झाले आहे, आणि माणसांचा वावर थांबल्यावर गावाकडे जाणारी वाट काही पावसाळ्यांतच गवताखाली जाते. महसुली दप्तरातील ‘रिठी’ गावांचीही तीच स्थिती आहे. रीठ म्हणजे वस्ती उठून गेलेले, पण नाव, शिव आणि गावनकाशा कायम राहिलेले गाव. कागदावर ते शेजारच्या भरल्या गावाइतकेच ठळक असते आणि अनोळखी माणूस पाण्याच्या किंवा मुक्कामाच्या आशेने तिकडे वळू शकतो. दुसऱ्या बाजूने गोसेखुर्द प्रकल्पाच्या आणि आसोलामेंढा तलावाच्या कालव्यांनी या टापूत नवे पाणी आणले, तसे जुन्या पांदणींना छेदही दिले. पांदण म्हणजे दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी, बैलबंडी जाईल एवढ्या रुंदीची वहिवाटीची वाट. तिच्यावर कालवा आला की पूल असेल तेथूनच पलीकडे जाता येते, आणि असा पूल जुन्या पत्रकावर असणे शक्यच नाही.

वाटांची माहिती देणारा, पण नकाशाच्या चर्चेत सहसा न येणारा आणखी एक दस्तऐवज विदर्भात आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल पद्धतीतून आलेली निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन अभिलेखपत्रे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही अनुक्रमे कलम १६१ आणि १६५ अन्वये कायम ठेवलेली आहेत. निस्तार पत्रकात गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीचा, म्हणजे चराई, जळाऊ लाकूड अशा गरजांसाठी राखलेल्या जागेचा वापर कसा व्हावा हे लिहिलेले असते. तर वाजिब-उल-अर्जमध्ये सरकारी मालकीच्या नसलेल्या जमिनीतून जाण्यायेण्याचा, पाणी नेण्याचा आणि मासे धरण्याचा जो रिवाज गावात चालत आला, त्याची नोंद असते. पांदणीवरून शेजाऱ्यांत भांडण झाले म्हणजे तेवढ्यापुरता हा कागद बाहेर निघतो. वास्तविक, पायवाटांच्या सार्वजनिक नकाशाचा इतका अस्सल आणि कायद्याने मान्य असा पाया दुसरा नाही, आणि तो टोपोशीटवर उतरवणे हे मनावर घेतले तर तालुका पातळीवर होण्यासारखे काम आहे.

तथापि, सर्वांत अचूक नकाशादेखील या प्रदेशात वर्षातील काही महिने खोटा ठरतो. गडचिरोली जिल्ह्यातील अनेक नाल्यांवर उंच पुलांऐवजी ‘रपटे’ आहेत, म्हणजे पात्राच्या तळालगत बांधलेले असे ठेंगणे मार्ग की ज्यांच्यावरून पुराचे पाणी वाहून जावे. पाऊस झाला की रपटा बुडतो, आणि वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणातून विसर्ग वाढला की स्थानिक पाऊस नसतानाही खालच्या नाल्यांत पाणी मागे सारले जाते. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांच्या संगमाजवळचे भामरागड तर पर्लकोटेच्या पुरात वारंवार जगापासून तुटते. म्हणून पावसाळ्यात गडचिरोलीचे जिल्हा प्रशासन पुरामुळे बंद असलेल्या मार्गांची यादी प्रसिद्ध करते. नाल्याचे नाव, कोणत्या दोन गावांमधला रस्ता, कोणत्या वेळची स्थिती एवढाच मजकूर असलेली ही यादी दिसायला रुक्ष असली, तरी महाराष्ट्रातील वाटांविषयीच्या ताज्या माहितीचा हा एक उत्तम नमुना मानावा लागेल, कारण तिच्यात ठिकाण आणि वेळ दोन्ही असतात. वेळेचा उल्लेख नसलेली वार्ता, मग ती कितीही खरी असो, वाट चालणाऱ्याच्या उपयोगाची नसते.

मूल, सिंदेवाही आणि सावली या तालुक्यांत अशा ताज्या वार्तेची सर्वाधिक निकड वाघामुळे आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र असून त्यात मूल हे एक वनपरिक्षेत्र आहे, आणि वाघांचा वावर बफरच्याही पुष्कळ पलीकडे प्रादेशिक वनांत व शेतशिवारात पोचलेला आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला हजारो माणसे, विशेषतः स्त्रिया, वाटा सोडून झाडीत शिरतात. खाली वाकून काम करणारा माणूस वाघाला सावज भासतो, आणि याच हंगामात जीव जातात. या माणसांना रस्ता कोठे आहे हे कोणी सांगण्याची गरज नाही, त्यांना आज कोणत्या बाजूला जाऊ नये हे कळण्याची गरज आहे. ही माहिती अस्तित्वात असते. जंगलाचे परिक्षेत्र, वर्तुळ, नियतक्षेत्र म्हणजे बीट, आणि शेवटी क्रमांक दिलेले कक्ष अशी विभागणी असते. व्याघ्र प्रकल्पांत वनरक्षक रोजची पायी गस्त ‘एम-स्ट्राइप्स’ या प्रणालीत नोंदवतात, ज्यात त्यांनी चाललेली वाट, दिसलेले पगमार्क आणि विष्ठा जागेसह जमा होतात. ही सगळी नोंद जाहीर करणे धोक्याचे आहे, कारण शिकारी टोळ्यांनाही तीच हवी असते. पण ‘अमुक कक्षात बछड्यांसह वाघीण आहे, तिकडे जाऊ नका’ एवढी सूचना गावापर्यंत पोचवण्यात कोणताही धोका नाही. गावोगावच्या प्राथमिक प्रतिसाद दलांमार्फत ती पोचवली जाते, आणि मोहर्लीजवळील सीतारामपेठ येथे कॅमेरे व संगणकीय ओळखीच्या साहाय्याने वाघ गावाकडे येताच इशारा देणारी यंत्रणाही बसवण्यात आली आहे. अडचण अशी की वनरक्षक कक्ष क्रमांकाने बोलतो आणि गावकरी बोडीच्या, झाडाच्या किंवा देवाच्या नावाने. कक्षांची हद्द आणि ही स्थानिक नावे एकाच कागदावर मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली, तर सूचनेचा अर्थ तत्काळ लागेल. यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

बाहेरून येणाऱ्या हौशी पदभ्रमंतीकाराने मोबाइलमधील नकाशावर विसंबून येथे पाऊल टाकणे मात्र अनुचित आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात अतिक्रमण करणे हा गुन्हा आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. मोबाइलवरील नकाशा हे सांगत नाही. जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून झाडोरा साफ करून ठेवलेले लांब पट्टे, उपग्रहाच्या छायाचित्रात रस्त्यांसारखेच दिसतात, आणि ‘ओपनस्ट्रीटमॅप’सारख्या लोकसहभागातून बनणाऱ्या नकाशावर दूर बसलेला एखादा उत्साही स्वयंसेवक त्यांना भाबडेपणाने रस्ता म्हणून रेखाटतो. त्याच नकाशात ‘प्रवेश मना’ अशी नोंद करण्याची सोय आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील जाणकार तरुणांनी ती वापरली, तर वन्यजीव आणि प्रवासी या दोघांचेही रक्षण होईल. वणव्याच्या हंगामात, म्हणजे साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जूनपर्यंत, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्या कोणालाही मोबाइलवर मिळते, आणि परवाना घेऊन जंगलात जाणाऱ्याने ती अवश्य घ्यावी.

माहिती गावातून नकाशाकडे कशी जाऊ शकते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातच घडले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याच्या नियमांनुसार असा दावा करताना ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीतील खुणांसह चराईच्या जागा, कंदमुळे व वनौषधी गोळा करण्याची ठिकाणे, मासेमारीच्या जागा आणि पाण्याचे स्रोत पुराव्यादाखल मांडता येतात. आणि या प्रत्येक ठिकाणाकडे जाणारी वाट गावातील कोणालातरी ठाऊक असते. गडचिरोलीत पुढे शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. त्या दाव्यांना जोडलेले हाताने काढलेले व जीपीएसने मोजलेले नकाशे आज दाव्यांच्या फायलींमध्ये आहेत. ग्रामसभांच्या संमतीने, त्यांना उघड करायची नसतील ती स्थळे वगळून, हे नकाशे तालुकानिहाय एकत्र केले आणि दरवर्षी तेंदूपत्त्याच्या हंगामापूर्वी ग्रामसभेतच वाचून दुरुस्त केले, तर ५५ पी/१२ आणि त्याच्या शेजारच्या पत्रकांवर जे कधीच नव्हते, ते या जंगलांच्या नकाशात येऊ शकेल.