खंडोबाच्या कुत्र्याचा घास

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की आपण पानावर बसण्याआधी एक घास कुत्र्याला द्यायचा, हा आमच्या घरचा कुळाचार. घोड्यालाही द्यायचा असतो. पण पुण्यातल्या सोसायटीत घोडा कुठून आणणार? कुत्र्यांना तोटा नाही. खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव, आणि भैरव म्हटला की कुत्रा आलाच.

देवघरातले टाक पाहायचा मला जुना नाद आहे. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा. बायका वर्षानुवर्षं चिंच लावून टाक उजळतात, त्यात देवाचं नाक झिजतं, म्हाळसेचा चेहरा सपाट होतो. कुत्रा मात्र खाली कडेला असल्यामुळे बहुधा शाबूत राहतो. सोनाराने दोन-चार ठोक्यांत उमटवलेला, शेपटी वर वळलेला. ती शेपटी पाहण्यासाठी मी अनोळखी घरांत चहा प्यायलो आहे.

या कुत्र्याचं खरं वैभव दिसतं ते वाघ्यांमध्ये. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात दिमडी आणि घोळ. आणि विधीच्या वेळी हे बाप्ये चक्क देवाचे कुत्रे होतात. कोटंब्यात वाढलेला नैवेद्य भुंकत, एकमेकांवर गुरगुरत, थेट तोंडाने खातात. पाहणाऱ्याला पहिल्यांदा हसू येतं, मग येत नाही. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर 1976 साली जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. मेंढरांमागे कुत्रं घेऊन हिंडणाऱ्यांच्या देवाजवळ कुत्रं असणारच, हे त्यानंतर मला वेगळं कुणी सांगावं लागलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमचा टिप्या. पिल्लू असताना त्याला पार्व्हो झाला. हा विषाणू 1978 च्या सुमाराला जगभर पसरला. आतड्याचं अस्तर सोलून काढतो, पांढऱ्या पेशी घटवतो; उलट्या आणि रक्ताची हगवण. विषाणूला थेट मारणारं औषध सर्रास मिळत नाही. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि बाकी पिल्लाची तग. उपचार वेळेवर झाले तर बरीच पिल्लं वाचतात. नाही झाले तर बहुतेक जातात. इतकं पुरे.

टिप्याच्या पुढच्या पायाला सलाईनची सुई, त्यावर निळी पट्टी. आई शेजारी बसून पुटपुटली, ‘‘मल्हारी, एवढं लेकरू उठू दे, तुझी तळी भरते.’’ तो उठला. पहिल्यांदा चमचाभर पेज पोटात ठरली, तेव्हा घरात कुणी बोलेना. बरा केला कुणी, डॉक्टरांनी की देवाने, असला वाद आमच्याकडे झालाच नाही. आईने डॉक्टरांना पेढे दिले आणि त्याच संध्याकाळी तळीची तयारी मांडली. आभार मानायला दोन दारं असली तर दोन्हीकडे जावं, हे तिचं म्हणणं मला आजही पटतं.

ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा. उचलायला पाच जण हवेत. घरचे आम्ही दोघेच पुरुष, म्हणून शेजारचे काका, त्यांचा मुलगा आणि वॉचमन यांना बोलावलं. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ताम्हन वर गेलं आणि टिप्या आजारानंतर पहिल्यांदा भुंकला. वाघ्यांना जे मुद्दाम करावं लागतं, ते त्याने आपणहून केलं.

भंडाऱ्याची चिमूट त्याच्या कपाळाला लावली, उधळला मात्र नाही. विकतच्या भंडाऱ्यात भेसळ असू शकते. डोळ्यांत, नाकात गेला तर जनावराला त्रास. आणखी एक गोष्ट नैवेद्य वाढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. चातुर्मासात वर्ज्य केलेला कांदा-लसूण आपण चंपाषष्ठीपासून खातो, म्हणून भरतात तो सढळ हाताने पडतो. कुत्र्याला तो विषारी. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आई आता घास काढते तो नुसत्या बाजरीच्या रोडग्याचा. ‘‘देवाच्या कुत्र्याचं पथ्य देवाला चालतं,’’ म्हणते.

त्यानंतर मार्गशीर्ष वद्यात मी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाला गेलो. टिप्याला नेलं नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि त्याच्या लसीचे डोस अजून पुरे व्हायचे होते. तिथली यात्रा म्हणजे जनावरांचा कुंभमेळाच: लालकंधारी बैल, घोडे, गाढवं आणि एका अंगाला कुत्र्यांचं प्रदर्शन. लांब तोंडाचे, बरगड्या मोजता येतील असे कारवानी कुत्रे पाहत मी दुपार घालवली. एकाच्या दोन्ही कानांना भंडारा माखला होता. मालकाला म्हटलं, ‘‘मामा, नवसाचा का?’’

‘‘व्हय. मागल्या साली मरत व्हता. दवाखान्यात नेला, सुया दिल्या, मग देवाच्या पायावर घातला,’’ मामा म्हणाले. ‘‘इकायचा न्हाई, उगं इचारू नका.’’