वाळवंटातले अस्वल

मंगोलियाच्या नैऋत्येला गोबी वाळवंटाचा एक उजाड पट्टा आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर, दुष्काळात त्याहूनही कमी. हिवाळ्यात पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. अशा मुलखात अस्वल राहत असेल असे कुणाच्या मनातही येणार नाही. पण राहते. मंगोल लोक त्याला ‘मझालाई’ म्हणतात, आणि साऱ्या जगातले मझालाई एका एसटीत मावतील, एवढेच ते उरले आहेत.

मझालाई हे तपकिरी अस्वलच, पण अलास्कातल्या त्याच्या धिप्पाड भाईबंदांपुढे अगदी किरकोळ. पूर्ण वाढलेली मादी बहुधा 50 ते 80 किलोंची, नर शंभराच्या आसपास किंवा थोडा वर. अंगावर मांस चढत नाही, कारण खायलाच फारसे काही नाही. रेवंदचिनीच्या कुळातल्या एका ठेंगण्या रोपाची मुळे हा त्याचा मुख्य आहार. दगडगोट्यांची जमीन नखांनी उकरून तो ती काढतो. जोडीला जंगली कांदा, गवताचे कोंब आणि उन्हाळा सरताना नायट्रारियाच्या झुडपांवर येणारी रसाळ फळे. मांस म्हणाल तर किडे, सरडे, उंदीर किंवा मेलेले एखादे जनावर, तेही क्वचित. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी फळे धरत नाहीत, आणि हिवाळ्यातल्या शीतनिद्रेसाठी लागणारी चरबी साठत नाही. उपाशी झोपलेल्या मादीला पिल्ले होणार तरी कुठून?

1975 साली मंगोलियाने इथे ‘ग्रेट गोबी’ संरक्षित क्षेत्र जाहीर केले. त्याचा ‘अ’ विभाग, म्हणजे मझालाईचे घर, विदर्भाच्या जवळपास निम्म्या आकाराचा आहे. एवढ्या विस्तारात अस्वलांना आसरा मिळतो तो मात्र डोंगरांच्या तीन रांगांमध्ये विखुरलेल्या मोजक्या झऱ्यांपाशी. वनरक्षक वसंत ऋतूत या झऱ्यांजवळ लोखंडी पेट्यांमध्ये धान्याच्या गोळ्या ठेवतात. ही पद्धत 1980 च्या दशकापासून चालू आहे.

याच पेट्यांनी मोजणीचाही प्रश्न सोडवला. पेटीभोवती काटेरी तार ताणायची. खायला आलेल्या अस्वलाचे चार केस तारेला अडकतात, त्यांच्या मुळांतून डीएनए मिळतो आणि कोणते अस्वल येऊन गेले ते कळते. 2009 साली अशा केसांवरून 22 अस्वले ओळखता आली. नर 14, माद्या 8. त्या वर्षीच्या एकूण संख्येचा अंदाज 22 ते 31 च्या दरम्यान निघाला. पुढे थोडी वाढ दिसली, तरी आकडा पन्नासच्या घरातच घुटमळतो. शिवाय उरलेल्यांमधले जनुकीय वैविध्य जगातल्या इतर तपकिरी अस्वलांच्या मानाने फारच तुटपुंजे आहे.

आता आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी पाहा. जगात अस्वलांच्या आठ जाती. त्यांतल्या सहा, म्हणजे पांडा, ध्रुवीय अस्वल, दक्षिण अमेरिकेतले चष्मेवाले अस्वल, आग्नेय आशियातले सूर्य अस्वल, आशियाई काळे अस्वल आणि आपल्या मेळघाट-ताडोब्यातले अस्वल, ‘असुरक्षित’ गटात. उरलेल्या दोहोंची चिंता नाही, असे यादी सांगते. आणि त्यांत तपकिरी अस्वल आहे. रशिया, अलास्का, कॅनडा धरून जगभरात ती दोन लाखांच्या आसपास आहेत, तेव्हा जातीपुरता हा निष्कर्ष खराच. पण सैबेरियातल्या भरभराटीने गोबीतला पन्नासांचा गट सुरक्षित होत नाही. तुटलेले गट वेगवेगळे तपासले की मझालाई थेट ‘अतिसंकटग्रस्त’ ठरतो. इटलीच्या आपेनाइन पर्वतातल्या अस्वलांचेही तेच. तीही सुमारे पन्नासच. 2023 मध्ये तिथल्या अमारेना नावाच्या मादीला एका माणसाने गोळी घातली. तिची दोन पिल्ले मागे राहिली. हजारोंच्या गटात एक मादी गेली तर गट तगून जातो. पन्नासांच्या गटात ती पुढच्या पिढीचा मोठा वाटा घेऊन जाते. जातीचा एकच शिक्का पुढे ठेवून या जनावरांचे भवितव्य ठरवणे मला धोक्याचे वाटते.

मझालाईचे सर्वांत जवळचे नाते जनुकांवरून जुळते ते हिमालयातल्या तपकिरी अस्वलाशी. आपल्याकडे लडाख, काश्मीर आणि हिमाचलाच्या उंच कुरणांवर ते आहे. पाकिस्तानच्या ताब्यातल्या देवसाई पठारावर 1993 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा तिथे अशी 19 अस्वले होती. 2006 पर्यंत ती 43 झाली. म्हणजे राखले तर वाढतात. पण किती सावकाश! देवसाईतली मादी आठ वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, आणि दोन वितींमध्ये साडेपाच वर्षांहून अधिक काळ जातो. गोबीत अन्न देवसाईहूनही कमी, त्यामुळे तिथे याहून वेगाची आशा धरता येत नाही.

मंगोलियाला या जनावराचा अभिमान आहे यात शंका नाही. 2013 हे वर्ष सरकारने मझालाईच्या संरक्षणाला वाहिले. 2017 मध्ये अवकाशात गेलेल्या मंगोलियाच्या चिमुकल्या उपग्रहाचे नावही मझालाईच. मात्र याच गोबीच्या पोटात सोने आहे. परवानगीने आणि चोरून, दोन्ही प्रकारे खाणी खोदल्या जातात. खाणीला पाणी लागते, आणि इथे पाणी म्हणजे तेच मोजके झरे. दक्षिणेला चीनच्या सरहद्दीवर कुंपण आहे, तेव्हा झरा आटला म्हणून पलीकडे निघून जाण्याची सोय नाही. धान्याच्या पेट्या दुष्काळी वर्ष निभावून नेतील. झऱ्याची जागा त्या घेऊ शकत नाहीत. म्हणून संरक्षित क्षेत्राच्या सीमा आखडून खाणींना वाट देण्याचा प्रस्ताव जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा तो फेटाळलाच पाहिजे.