मुंबई इलाख्यातील सरकारी शाळांत अस्पृश्य विद्यार्थ्यांचा प्रवेश

मुंबई इलाख्यातील सरकारी व अनुदानित शाळांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना इतरांबरोबर शिकू देण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे चर्चेत राहिला. पुणे जिल्हा, व त्यातील मावळ तालुका, याच इलाख्यात मोडत असल्याने तेथील शाळांनाही हेच नियम लागू होते.

पार्श्वभूमी

1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे अर्ज केला. मात्र एकासाठी बहुसंख्यांची शाळा ओस पडेल, अशा आशयाचे कारण देऊन सरकारने हस्तक्षेप टाळला. 1858 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी असल्याचे स्पष्ट केले. 1882 च्या हंटर आयोगाने हे तत्त्व मान्य केले, पण अंमलबजावणीत सावधगिरी सुचवून स्वतंत्र शाळांचाही पर्याय ठेवला. परिणामी तत्त्व कागदावर राहिले.

विद्यार्थ्यांचे अनुभव

प्रवेश मिळणे आणि वर्गात सामावले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. भीमराव आंबेडकर यांचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आताचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झाले. शाळेत त्यांना बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून आणावे व परत न्यावे लागे. इतर मुले तहान लागताच शिक्षकांची परवानगी घेऊन नळावर जात. त्यांना मात्र शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते 1907 मध्ये मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्यास मनाई झाल्याने त्यांना फारसी हा विषय घ्यावा लागला होता. हजेरीपटावर नाव असूनही पाण्याची व अभ्यासविषयाची वाट अडवली जाई, हे या नोंदींवरून दिसते.

धोरणातील बदल

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. मुंबई सरकारने 1923 मध्ये अशा मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे व शाळा खुल्या करण्याविषयीचा ठराव कायदे कौन्सिलात संमत झाला. 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत आंबेडकर सदस्य होते; समितीचा अहवाल 1930 मध्ये आला.

स्वातंत्र्योत्तर काळ

संविधानाच्या अनुच्छेद 29(2) नुसार धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून राज्याच्या किंवा राज्य-अनुदानित शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारता येत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे 1955 च्या कायद्याने दंडनीय ठरले. मावळात आज हा प्रश्न आदिवासी वस्त्यांच्या संदर्भातही उभा राहतो. लोणावळा-खंडाळ्याच्या खासगी निवासी शाळांपासून फार दूर नसलेल्या पाड्यांवरील कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या हंगामात स्थलांतर करतात, आणि मुलांची शाळा वर्षाच्या मध्यावरच सुटते.