द्राक्षांच्या मुलखांत एकट्यानें, अल्प खर्चांत

आपला खातेदार शेतकरी घराबाहेर पडतो तो बहुधा चारच कारणांनीं : देवदर्शन, सोयरीक, बाजार आणि कचेरी. यांपैकीं एकाहि कारणानें तो दुसऱ्याच्या शिवारांत पाय ठेवीत नाहीं. पंढरीच्या वाटेवर शेंकडों गांवें लागतात. पण त्या गांवीं विहीर कशी बांधली आहे, बांध कसा घातला आहे, हें पाहण्यास थांबणारा विरळा. महसूल खात्यांतील नोकरींत प्रस्तुत लेखकानें हजारों उतारे लिहिले व पिकांचीं नांवें रकान्यांत भरलीं. परंतु पीक कागदावर पाहणें वेगळें आणि बांधावर उभें राहून पाहणें वेगळें. म्हणून शेतकऱ्यानें वर्षांतून एकदां तरी, कोणतेंहि काम नसतां, एकट्यानें व थोडक्या खर्चांत परमुलखांतील शेती पाहण्यास जावें, अशी सूचना आहे. असा प्रवास कसा करावा आणि त्यांतून काय हातीं लागतें, हें द्राक्षाच्या मुलखाच्या उदाहरणानें सांगतों.

फ्रान्सची रीत

द्राक्षाचा मुलूख म्हटला कीं पहिलें नांव फ्रान्सचें निघतें. शँपेन, बर्गंडी, बोर्डो हीं नांवें मुळांत मद्याचीं नव्हेत. तीं ठिकाणांचीं आहेत. त्या भागांतून पाठीवर एक पिशवी टाकून, पुढचा मुक्काम आधीं न ठरवितां, आगगाडीनें किंवा सायकलीवर हिंडणारे पुष्कळ असतात. तेथील मोठीं शहरें महाग. पण खेड्यांत शेतकऱ्याच्याच घरीं भाड्यानें खोली मिळते, नगरपालिकांनीं तंबू ठोकण्यास जागा राखलेल्या असतात, आणि आठवड्याच्या बाजारांतून पाव, चीज व फळें घेतलीं म्हणजे दिवस निभावतो. आल्सास प्रांतांत १९५३ सालीं सुमारें १७० किलोमीटरांचा द्राक्षमार्ग आंखण्यांत आला. त्यावर गांवामागून गांव लागतें व ठिकठिकाणीं बागाईतदाराच्या दारावर, आंत येऊन माल पाहावा, अशी पाटी असते. प्रवाशाला ज्ञान मिळतें आणि बागाईतदाराला दारांत गिऱ्हाईक मिळतें.

बर्गंडींत क्लो द वूजो नांवाची एक भिंतबंद बाग आहे. मध्ययुगांत मठवासी साधूंनीं ती उभी केली. क्षेत्र सुमारें ५० हेक्टर, म्हणजे सवाशें एकर. १८८९ सालापर्यंत ती एकाच मालकाची होती. पुढें विक्री व वांटण्या होत होत आज तिचे सुमारें ८० मालक आहेत, आणि कित्येकांच्या वांट्यास वेलींच्या कांहीं ओळीच येतात. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. एवढे हिस्से एका गटावर पडले असते तर तलाठ्यानें कपाळास हात लावला असता. तरीहि त्या ओळींचा मालक तेथें भिकेस लागत नाहीं, कारण त्याच्या मालावर त्या बागेचें नांव असतें. जमिनीचे तुकडे पडले, पण नांव अखंड राहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

उपनगरांतून नाशिककडे

फ्रान्सला जाणें सर्वांस साधणारें नाहीं. पण सकाळीं घरून निघून दुपारीं पोंचतां येईल असा द्राक्षाचा मुलूख आपल्याजवळ आहे, तो म्हणजे नाशिक. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचें बिऱ्हाड अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें आणि जमीन गांवीं, अशी स्थिति आहे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला तेव्हां या भागांत भातखाचरें होतीं. १९५७ पर्यंत मुलुंड-दहिसरपर्यंतचा टापू बृहन्मुंबईंत गेला, आणि त्या खाचरांचे सर्व्हे नंबर आज इमारतींच्या कागदांवर उरले आहेत. जमीन विकून पैसा एकदांच येतो, हें येथें राहणाऱ्यांस सांगावयास नको. ती न विकतां तिचें मोल कसें वाढवावें, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याच प्रश्नासाठीं हा प्रवास करावयाचा आहे.

मी माघ महिन्यांत, आदल्या रात्रीपर्यंत कांहीं न ठरवितां, असाच निघालों. घाटकोपरकरांनीं घाटकोपरास आणि मुलुंडकरांनीं ठाण्यास जाऊन कसारा लोकल पकडावी. अंधेरी-बोरिवलीकरांनीं दादरास गाडी बदलावी. लोकलची धांव कसाऱ्यास संपते. पुढें थळ घाट. लोहमार्गाचा चढ तेथें ३७ फुटांस १ फूट असा आहे व लांबच्या गाड्यांना मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. कसाऱ्याहून वांटणीच्या भाड्यानें जीपगाड्या नाशिकास जातात. ज्यांस थेट जावयाचें असेल त्यांच्यासाठीं पंचवटी व तपोवन या गाड्या आहेत. निवाऱ्यास पंचवटींतील धर्मशाळा, जेवणास पिठलें-भाकरी किंवा मिसळ, आणि फिरण्यास एस.टी.; एवढ्यावर दोन दिवस सुखानें जातात.

घाट चढल्यावर डोळे उघडे ठेवावे. इगतपुरीस सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत निफाडकडे पांचसहाशें मिलिमीटरहि जेमतेम. भात संपतो, हवा कोरडी होते आणि द्राक्षाचे मांडव दिसूं लागतात. घाटमाथ्यावरील पाणी गंगापूर, पालखेड, वाघाड अशा धरणांत अडवून त्या कोरड्या हवेंत आणलें, हेंच या मुलखाचें भांडवल. वाघाडचें पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः वांटतात. त्याची सुरुवात ओझर येथें १९९० च्या सुमारास झाली. पाटकऱ्याची मिनतवारी करण्याची वेळ ज्यांवर येते, त्यांनीं एवढी एकच व्यवस्था पाहिली तरी प्रवासखर्च फिटला म्हणावा.

बागेंत काय दिसलें

दिंडोरीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून मी पायीं चालूं लागलों. एका बागेंत काढणी चालू होती. बांधावरूनच विचारलें, "दादा, बाग पाहूं का?" मालक म्हणाले, "या ना काका. पण घडाला हात नका लावूं. मण्यावरचा पांढुरका थर निघाला कीं व्यापारी दर पाडतो." मग पाऊण तास त्यांनीं सर्व दाखविलें.

फ्रान्समध्यें वेल थंडींत झोंपते. हिवाळ्यांत एक छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणी. आपल्या उष्ण हवेंत वेल झोंपत नाहीं, म्हणून छाटण्या दोन : एप्रिलांत खरड छाटणी, तीमुळें काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तीमुळें घड येतात. छाटण्या दोन, मजुरी दोनदां, पीक मात्र एकच.

मुळाशीं पाहिलें तर वेल एकजीव नव्हे. खालीं डॉगरिज नांवाचा अमेरिकन खुंट, वर आपलें वाण. गेल्या तीसपस्तीस वर्षांत क्षारपड जमीन व पाण्याचा ताण यांमुळें ही रीत आपल्याकडे पसरली. फ्रान्समध्यें तिचें कारण निराळें होतें. १८६० नंतर अमेरिकेंतून आणलेल्या रोपांबरोबर मुळें खाणारा एक सूक्ष्म किडा तेथें गेला व त्यानें देशांतील बहुतेक बागा उध्वस्त केल्या. शेवटीं त्याच अमेरिकेंतील खुंटांवर आपली वेल बांधून फ्रेंच बागाईतदार तरला. रोग जेथून आला तेथूनच उपाय आणावा लागला.

आपले बागाईतदार ज्याला नुसतें 'बोर्डो' म्हणतात, तें मोरचूद व चुन्याचें मिश्रणहि बोर्डोजवळचेंच. वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून तेथील शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हें निळसर पाणी शिंपीत. १८८२ सालीं मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकांच्या नजरेस आलें कीं त्याच वेली केवड्यापासून वांचल्या आहेत. प्रयोग करून १८८५ सालीं त्यांनीं हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांच्या भयानें केलेली युक्ति जगभरच्या बागांस तारक झाली. आणि ती ध्यानांत आली रस्त्यानें जातांना नीट पाहणाऱ्या एका माणसाच्या.

बांधापलीकडे दुसरा प्लॉट होता. मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. मालक म्हणाले, "हें वाइनचें. खायचें द्राक्ष एकानें नाकारलें तर दुसरा घेतो, नाहींतर बेदाणा करतों. ह्याला गिऱ्हाईक एकच, वाइनरी. तिनें पाठ फिरवली कीं संपलें."

या बोलण्यामागें इतिहास आहे. गंगापूर धरणाच्या बाजूस सुला कंपनीची पहिली वाइन २००० सालीं निघाली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून सवलती दिल्या. निफाड तालुक्यांत विंचूर आणि सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइनसाठीं औद्योगिक क्षेत्रें आंखलीं. शेतकऱ्यांनीं करार करून वाइनच्या जाती लावल्या. इतक्यांत २००८ सालीं जागतिक मंदी आली, त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, आणि हॉटेलांतील खप घसरला. कित्येक वाइनऱ्यांनीं माल उचलला नाहीं, कित्येकांकडे शेतकऱ्यांचे पैसे अडकले. ज्या वेली लावण्यास कर्ज काढलें त्या उपटण्यास पुन्हां मजुरी द्यावी लागली. पुढें धंदा सावरला. पण उपटलेल्या वेली परत आल्या नाहींत.

नांवाचें मोल

फ्रेंच शेतकरीहि या आगींतून गेला आहे. १९०७ सालीं दक्षिण फ्रान्समध्यें भाव इतका कोसळला कीं लाखों बागाईतदार रस्त्यावर उतरले व नार्बोन शहरांत गोळीबार होऊन माणसें मेलीं. साखर व पाणी घालून केलेली बनावट वाइन बाजारांत माजली आहे, अशी त्यांची मुख्य तक्रार होती. त्या संकटांतून त्यांनीं दोन मार्ग बळकट केले. पहिला, सहकारी तळघर : मारोसां या गांवच्या लहान बागाईतदारांनीं १९०१ सालींच एकत्र येऊन आपला माल आपणच विकण्यास आरंभ केला होता; ती रीत पुढें देशभर पसरली. दुसरा, नांवाचें रक्षण : १९३५ च्या कायद्यानें ठरलें कीं अमुक हद्दींत, अमुक जातींपासून, अमुक रीतीनें झालेल्या मालावरच त्या ठिकाणाचें नांव घालतां येईल. बाहेरच्यानें तें नांव वापरल्यास तो गुन्हा. क्लो द वूजोच्या चार ओळींच्या मालकाचें बळ हेंच.

आपल्याकडेहि हीं दोन्हीं साधनें आहेत. एकत्र येण्याचीं उदाहरणें म्हणजे १९९१ ची महाग्रेप्स आणि दिंडोरी तालुक्यांतील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी. नांवाच्या रक्षणासाठीं भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा २००३ पासून अंमलांत आहे. नाशिकचीं द्राक्षें, नाशिक व्हॅली वाइन, लासलगांवचा कांदा, डहाणू-घोलवडचा चिकू, कोंकणचा हापूस यांस तें मानांकन मिळालें आहे. परंतु मानांकन संस्थेच्या नांवें नोंदलें म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचें काम झालें असें नाहीं. त्यानें स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नई येथील नोंदणी कार्यालयांत नांव नोंदवावें लागतें. वारसाचें नांव फेरफारास लागलें नाहीं तर पुढें काय होतें, हें आपण जाणतों, येथेंहि तसेंच. नोंद नसेल तर हक्क सांगण्यास कागद नाहीं.

मद्याविषयीं मतें भिन्न असतील. प्रस्तुत लेखक तें घेत नाहीं, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें पिणाऱ्यास परवाना लागतो. बाग पाहण्यास व हिशेब समजून घेण्यास चव घेणें मुळींच आवश्यक नाहीं.

जाणाऱ्यास सूचना

१. जानेवारी ते मार्च काढणी पाहावी. छाटणी शिकावयाची असल्यास एप्रिल किंवा ऑक्टोबर. कुंभमेळ्याच्या गर्दीचे दिवस टाळावे.

२. एकट्यानें जावें. चौघे मिळून गेले म्हणजे आपसांतच बोलत बसतात. एकट्यास दुसऱ्याशीं बोलावेंच लागतें.

३. मालकास विचारल्यावांचून बागेंत शिरूं नये. नुकतीच फवारणी झालेल्या बागेंत तर जाऊंच नये.

४. कोणी प्रेमानें दिली तरी काडी किंवा रोप तेथून आणूं नये. फ्रान्सचा नाश रोपांबरोबर आलेल्या किड्यानेंच झाला.

५. पिंपळगांव बसवंतच्या बाजार समितीचें आवार एकदां तरी पाहावें. बागेंतला भाव आणि बाजारांतला भाव यांतील अंतर तेथें कळतें.

६. प्रत्येक बागाईतदारास तीन प्रश्न विचारावे : माल कोणास देतां? दर कोण ठरवितो? पैसे किती दिवसांनीं हातीं येतात? उत्तरें वहींत टिपावीं. लागवडीचा खर्च पुष्कळजण सांगतात. हीं तीन उत्तरें मात्र विचारल्यावांचून मिळत नाहींत.

परत आल्यावर तेच तीन प्रश्न आपल्या पिकास लावून पाहावे, मग तें भात असो, चिकू असो वा आंबा. ज्याच्या उत्तरांत गिऱ्हाईक एकच निघेल, त्यानें पुढील लागवडीपूर्वीं शेजाऱ्यांची बैठक घ्यावी. ज्याच्या पिकास मानांकन आहे आणि नोंद नाहीं, त्यानें नोंदीचा अर्ज या हंगामांतच करावा.