भाजीवाचून भाजी: पठारावरच्या स्वयंपाकातील डाळीचे पीठ

महाराष्ट्राच्या पठारावरील शाकाहारी स्वयंपाकाचा विचार पालेभाज्या आणि फळभाज्या यांच्यापासून सुरू केला, तर त्या स्वयंपाकाची घडण नीट उलगडत नाही, कारण या प्रदेशात वर्षातील बराच काळ ताजी भाजी ही हमखास हाताशी असणारी वस्तू नव्हती. येथील जेवणाचा कणा डाळींचा आहे, आणि त्यातही डाळीच्या पिठाचा. पिठले, झुणका, पाटवडी, मासवडी, शेंगोळे यांसारख्या पदार्थांना ‘घरात दुसरे काही नव्हते म्हणून केलेले’ असे समजण्याची सवय शहरी लेखनाला जडलेली आहे, आणि ती या पदार्थांवर अन्याय करणारी आहे. अडचणीतून एखादी पद्धत जन्माला आली, म्हणजे ती कायमची अडचणीची पद्धत राहते असे नाही. पिठाच्या बाबतीत तर पिढ्यानपिढ्यांच्या हातांनी तिचे एक स्वतंत्र, बारकाव्यांनी भरलेले तंत्र बनवले आहे.

या तंत्राचे मूळ पावसात आणि मातीत सापडते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाला असलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. डोंगराच्या आडोशामुळे कमी पाऊस मिळणाऱ्या अशा टापूला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, आणि पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांचा मोठा भाग त्यात मोडतो. विहिरीचे पाणी माणसांना आणि जनावरांना पुरवायचे असताना उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यांना ते मिळणे कठीणच असे. मात्र येथील काळी जमीन ओल धरून ठेवते, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला हरभरा व शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, ही दोन्ही पिके त्या साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत हाती येतात. भाकरी आणि पिठले ही जोडी ताटात जमण्याआधी रानात जमलेली आहे.

हरभऱ्याचा उपयोगही डाळ होईपर्यंत थांबत नाही. कोवळे शेंडे खुडले की झाडाला फुटवे अधिक येतात, म्हणून खुडणी पिकाच्या हिताची असते, आणि खुडलेल्या पाल्याची आंबूस भाजी त्याच दिवशी घरात होते. उरलेला पाला वाळवून ठेवला, तर तो उन्हाळ्यात पुन्हा कामाला येतो. हा आंबूसपणा पानांवरील सूक्ष्म केसांतून पाझरणाऱ्या आम्लाचा असतो, त्यात मॅलिक आम्लाचा वाटा मोठा असतो. पहाटेच्या दवाबरोबर हे आम्ल पानांवर साचते, आणि जुन्या काळी रात्री पिकावर स्वच्छ धोतर किंवा फडके अंथरून सकाळी ते पिळून घेत. या द्रवाला हरभऱ्याची आंब म्हणत आणि ती औषध म्हणून बाटलीत जपून ठेवत. पुढे घाटे भरले की सोलाण्याची, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांची आमटी होते, आणि रानातच डहाळे भाजून हुळा खाल्ला जातो. वाळलेला दाणा भरडून डाळ होते, तेव्हा निघणारी चुणी, म्हणजे बारीक कणी आणि टरफल, गोठ्यात जाते. एका झाडाचा एवढा निगुतीचा वापर पाहिला की या स्वयंपाकामागची वृत्ती कळते.

डाळ स्वयंपाकघरात येते ती तीन अवस्थांत, आणि प्रत्येक अवस्थेची पदार्थांची शाखा वेगळी आहे. पहिली भिजवून वाटलेली ओली डाळ: चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी घालून केलेली आंबेडाळ, गणपती विसर्जनाची वाटली डाळ, आणि खानदेशात तुरीची डाळ जाडसर वाटून, वाफवून, कढीबरोबर खाल्ले जाणारे फुणके या शाखेत येतात. दुसरी भरडा, म्हणजे जात्यावर रवाळ दळलेली कोरडी डाळ, जिचे वडे बाहेरून कुरकुरीत आणि आतून भुसभुशीत होतात. तिसरी अवस्था पिठाची, आणि तिचेही दोन प्रकार आहेत, कारण हरभऱ्याच्या डाळीचे पीठ बहुधा कच्चेच दळतात, तर थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि मराठवाड्यातील येसर यांसाठी धान्ये, डाळी व मसाले आधी भाजून मग दळतात. येसर घातलेली आमटी लग्नकार्यात शेकडो माणसांसाठी रांधली जाते. भाजलेल्या पिठामुळे ती कमी वेळात दाट होते आणि कच्चा वासही राहत नाही.

कच्च्या पिठाचा हा वास काढणे हेच पिठल्याचे खरे कसब आहे. कडधान्य दळले की त्यातील स्निग्धांश आणि विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, एकत्र येतात आणि त्यांच्या क्रियेतून कच्च्या शेंगेसारखा दर्प तयार होतो. पुरेशी उष्णता मिळाली की विकरे निकामी होतात आणि दर्प मावळून खमंगपणा पुढे येतो. त्यासाठी दोन वाटा रूढ आहेत. एका पद्धतीत पीठ थंड पाण्यात किंवा ताकात कालवून, गुठळ्या मोडून, ते मोहरी, जिरे, हिंग, हळद, लसूण आणि मिरचीच्या फोडणीत ओततात आणि ढवळत राहतात. दुसऱ्या पद्धतीत फोडणीत पाणी घालून ते खळखळ उकळू देतात आणि मग एका हाताने पीठ चिमटीचिमटीने पेरत दुसऱ्या हाताने ते घोटतात. उकळत्या पाण्यात पीठ एकदम पडले तर प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावरील पिष्ट, म्हणजे धान्यातील स्टार्च, लगेच फुगून चिकट कवच बनवते आणि आतले पीठ कोरडे राहते. गुठळी होते ती अशी. म्हणूनच जुन्या घरांतून पीठ पेरणाऱ्या हाताची गती शिकवावी लागे, ती मापाने सांगता येत नसे. दोन्ही पद्धतींत शेवटी मंद आचेवर झाकण ठेवून वाफ आणणे अपरिहार्य असते. पिठले कडेने सुटू लागते, त्याला तकाकी येते, तळाला लागलेली खरपुडी कालथ्याने निघू लागते, आणि या खरपुडीवर घरातल्या मुलांची भांडणे व्हावीत इतकी ती चवदार असते.

पाण्याचे प्रमाण बदलले की पदार्थ बदलतो. पातळ ठेवले तर भाताबरोबर कालवण्याजोगे पिठले, आटवले तर भाकरीवर घेण्याजोगे घट्ट पिठले, भरपूर कांदा व सढळ तेलात पाण्याचा नुसता हबका देऊन परतले तर मोकळा झुणका. तेच घट्ट शिजवून तेलाचा हात लावलेल्या ताटात थापले, वर खोबरे आणि कोथिंबीर पसरली, तर निवल्यावर त्याच्या वड्या पडतात. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन या प्रथिनामुळे ताण मिळतो, तो डाळीच्या पिठाला नाही. पण शिजून फुगलेले पिष्ट थंड होताना पुन्हा आवळून येते, आणि वडीला सुरीने कापण्याइतका घट्टपणा त्यातूनच लाभतो. याच पिष्टामुळे ताकाची कढी उकळताना फाटत नाही: चमचाभर पीठ दुधातील प्रथिनांना एकत्र गोळा होऊ देत नाही, आणि ताकातल्या चाकवताला पीठ लावण्यामागेही हेच कारण आहे.

ही शिदोरी प्रत्येक भागाने आपल्या परीने वापरली. विदर्भात पाटवड्या झणझणीत रश्शात सोडतात, आणि डाळीच्या पिठाचे मसालेदार गोळे भाताबरोबर शिजवून, वर फोडणीचे तेल घेऊन गोळाभात खातात. कोकणात पाऊस मुबलक असला तरी हलक्या, उताराच्या जमिनीत कुळीथ चांगला येतो, म्हणून तेथले पिठले कुळथाच्या भाजून दळलेल्या पिठाचे, आमसुलाच्या आंबटपणाचे आणि ऊनऊन भाताबरोबर भुरकण्याचे असते. घाटावर कुळथाचे पीठ लसूण-मिरची घालून घट्ट भिजवतात, त्याची वळी तळहातावर वळून कडबोळ्यासारखी वेटोळी करतात आणि मसाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडतात. वेटोळी शिजताना त्यांचेच थोडे पीठ सुटून रस्सा दाट होतो, आणि शेंगोळ्यांना वेगळे वाटण लागत नाही.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील, जुन्नर-आंबेगाव परिसरातील मासवडी मात्र या सगळ्यांत अधिक निवांतपणे पाहावी अशी आहे. तिच्यासाठी पीठ कढईत घट्ट शिजवून, गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताला पाणी लावून पातळ थापतात. त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण आणि मसाला यांचे कोरडे सारण पसरतात. मग फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून तिला माशाचा आकार देतात आणि तिरके काप करतात. काप केल्यावर पिवळ्या कडेच्या आत सारणाचा काळसर पट्टा दिसतो, आणि हे काप काळ्या मसाल्याच्या रश्शाबरोबर, भाकरीशी, वाढले जातात. पीठ जास्त निवले तर गुंडाळताना तडे जातात आणि सैल राहिले तर सारण बाहेर येते, म्हणून कढई उतरल्यापासून वडी वळेपर्यंतचा थोडका वेळ हा करणाऱ्या बाईच्या परीक्षेचा असतो. मासवडी पाहुण्यांसाठी, जावयासाठी, सणावारी करतात. पिठाचे पदार्थ केवळ नाइलाजाचे असते, तर मानाच्या पाहुण्यापुढे ते मांडले गेले नसते.

या परंपरेचा काळही मोठा आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत सातूबरोबर मसूर आणि कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाच्या अन्नविषयक भागात अनेक डाळींची पिठे एकत्र करून केलेल्या विदलपाक नावाच्या पदार्थाचे वर्णन येते. त्यात मिरची नाही, असणे शक्यही नव्हते, कारण ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर सोळाव्या शतकात येथे आली. आजचा लालभडक झुणका म्हणजे फार जुन्या तंत्रावर चढलेला तुलनेने नवा रंग आहे.

छापील पाकशास्त्राने मात्र या दालनाकडे अर्धवटच पाहिले. १९१० साली प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आणि १९७० मध्ये आलेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ ही पुस्तके मराठी घरांत आदराने वापरली गेली, आणि ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापांनी नवख्या गृहिणींना मोठाच आधार दिला. परंतु अशी पुस्तके बहुतांशी शहरी, उच्चवर्णीय स्वयंपाकघरांतून आली, त्यामुळे माण-खटावच्या किंवा यावल-रावेरच्या शेतकरी बाईचे ज्ञान तिच्या हातातच राहिले. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील दलित समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करून ही उणीव किती खोल आहे हे दाखवून दिले. पठारावरच्या शाकाहारी कष्टकरी घरांसाठी असे काम अजून पुष्कळ व्हायचे आहे.

पोषणाच्या दृष्टीने या जेवणाची बाजू भक्कम आहे. हरभऱ्याच्या डाळीत शेकडा २० च्या वर, तर ज्वारीत शेकडा १० च्या आसपास प्रथिने असतात. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर मिळते, आणि डाळीत कमी असणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले धान्य पुरवते. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आखली, तेव्हा निवडलेले अन्न स्वस्त होते तसेच शरीराला पुरणारेही होते.

आज बदल घडतो आहे तो ताटापेक्षा दळणात अधिक. गिरणीत डाळ टाकताना लाडवासाठी रवाळ, पिठल्यासाठी बारीक, वड्यांसाठी भरड असे सांगण्याची आणि ते बोटांनी चोळून पाहण्याची रीत होती. पाकिटातील बेसन एकाच जाडीचे आणि अतिशय बारीक असते, ते पाणी चटकन ओढते, त्याच्या गुठळ्या लवकर होतात आणि पिठले लापशीसारखे गुळगुळीत होते; त्यात स्वस्त पिवळ्या वाटाण्याचे पीठ मिसळलेले असले, तर खमंगपणाही उतरतो. ज्या घरांत अजून महिन्याची डाळ निवडून, उन्हात तापवून गिरणीवर नेली जाते, तेथे पिठल्याला तो हलकासा दाणेदारपणा राहतो, आणि दळण आणल्यावर पीठ पूर्ण निवेपर्यंत डब्याचे झाकण लावले जात नाही.