कानांनाही इंग्रजी शिकवू या

आपल्याकडील अनेक तरुण-तरुणींचे इंग्रजी वाचन चांगले असते. व्याकरण पक्के असते, परीक्षेत गुणही मिळतात. मात्र दूरध्वनीवरील मुलाखतीत पलीकडची व्यक्ती नेहमीच्या वेगाने बोलू लागली, की पहिल्याच प्रश्नाला ती अडखळतात. हा बुद्धीचा दोष नव्हे. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, कानांनी शिकलो नाही, एवढेच.

ही उणीव कधीकधी महागात पडते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएस परीक्षा देणाऱ्यांना श्रवण विभागात किमान 7 हा गुणांक मिळवावा लागतो. सुमारे 30 मिनिटांत 40 प्रश्न सोडवायचे असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते.

ओळखीचे शब्दही कानांना अनोळखी का वाटतात? बोलताना इंग्रजी माणूस महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधले छोटे शब्द गिळून टाकतो. 'ब्रेड अँड बटर' हे 'ब्रेड न् बटर' असे ऐकू येते, तर 'गोइंग टू'चे अनेकदा 'गोना' होते. आपणही 'चहा आणि पाव' न म्हणता 'चहा नि पाव' म्हणतोच. पण ते लहानपणापासून कानांवर पडलेले असल्याने खटकत नाही. इंग्रजीच्या बाबतीत ही सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते. त्यासाठी इंटरनेटवर उत्तम साधने विनामूल्य उपलब्ध आहेत.

बीबीसीने रेडिओवरून इंग्रजीचे धडे देण्यास 1943 मध्ये प्रारंभ केला. आज तिच्या 'लर्निंग इंग्लिश' विभागातील 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम विशेष उपयुक्त आहे. सुमारे सहा मिनिटांच्या या संवादासोबत त्याची लिखित संहिताही मिळते. अगदी नवख्यांनी ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्न इंग्लिश' या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. तेथील श्रवणपाठ ए-1 या प्राथमिक पातळीपासून चढत्या क्रमाने मांडलेले असून प्रत्येकासोबत स्वाध्याय आहेत.

वाचनाची आवड असणाऱ्यांसाठी 2005 मध्ये सुरू झालेला 'लिब्रिवॉक्स' हा प्रकल्प आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके तेथे स्वयंसेवकांच्या आवाजात ऐकता येतात, आणि त्यांतील बहुतेकांचा मजकूर 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर वाचता येतो. मात्र ही भाषा बरीचशी जुनी असते, हे ध्यानात ठेवावे. निरनिराळ्या देशांतील लोकांचे उच्चार ऐकायचे असल्यास 'एलो' हे संकेतस्थळ पाहावे. परदेशी गेल्यावर आपले सहकारी केवळ इंग्लंड-अमेरिकेचे नसतात. म्हणून हा सराव मोलाचा ठरतो.

साधन कोणतेही असो, ऐकण्याची रीत महत्त्वाची. पुढील क्रम लाभदायक ठरतो.

1. प्रथम संहिता न पाहता संपूर्ण पाठ ऐकावा व विषय कोणता, एवढेच समजून घ्यावे.

2. नंतर त्यातील एक मिनिटाचा भाग थांबत थांबत ऐकून जसा ऐकू येईल तसा वहीत लिहावा.

3. आपले लिखाण संहितेशी ताडून पाहावे. सुटलेल्या शब्दांखाली रेघ मारावी. बहुधा ते अवघड शब्द नसतात, तर 'ऑफ', 'टू', 'हॅज' यांसारखे रोजचेच असतात!

4. शेवटी संहिता मिटून तोच भाग पुन्हा ऐकावा आणि त्याच लयीत मोठ्याने म्हणावा.

पुष्कळजण मराठी अनुवाद वाचत इंग्रजी चित्रपट पाहतात. त्यात करमणूक होते, पण लक्ष वाचनाकडे लागून कान स्वस्थ बसतात. त्याऐवजी इंग्रजी उपशीर्षके ठेवावीत आणि एखादा प्रसंग पुन्हा त्यांच्याविना पाहावा. मोबाइलवरील डेटा वाचवायचा असेल, तर चित्रफितीऐवजी केवळ ध्वनिफीत उतरवून घ्यावी. लोकलच्या प्रवासातही ती ऐकता येते.

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा दररोज 15 मिनिटे दिलेली बरी. पहिले काही दिवस निम्मेही कळणार नाही; त्यामुळे निराश होऊ नये. वहीतील रेघा हळूहळू कमी होऊ लागतील. मुलाखतीची वा परीक्षेची तारीख येईपर्यंत न थांबता आपल्या घरातील मुलामुलींना आजच ही सवय लावू या.